ताटकळणाऱ्यांचा इतिहास

थांबण्यासाठी मराठीत शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सहसा चालत नाहीत. जिवलगाची वाट पाहिली जाते. वरिष्ठाच्या दारी तिष्ठत राहावे लागते. कचेरीत खेटे घालावे लागतात, काम न होता परतावे लागले की हेलपाटा होतो, आणि पाय भरून येईपर्यंत एका जागी उभे राहणे म्हणजे ताटकळणे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातला माणूस दवाखान्याविषयी बोलू लागला की यांतले शेवटचे तीन शब्दच त्याच्या तोंडी येतात. वर्गात 'प्रतीक्षा' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तर विद्यार्थी विरहिणी आणि पंढरीच्या वाटेवरचा वारकरी यांच्यावर पाने भरतात. दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळी आठपासून बसलेली आपली आई त्यांना त्या शब्दाच्या कक्षेत येते असे वाटत नाही. संस्कृत शब्दाने काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे असे आपोआप ठरत जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे ताटकळणेच आहे. आरोग्यसेवेचा इतिहास म्हणून जे लिहिले गेले आहे, त्यात इमारती कधी बांधल्या, खाटा किती होत्या, वर्षात किती रुग्ण 'तपासले' गेले याचे आकडे मिळतात. निजामी राजवटीचे वार्षिक अहवाल असोत की आजचे मासिक तक्ते, मोजणीचा घटक 'रुग्ण' हा आहे. त्या रुग्णाने तपासले जाण्यापूर्वी किती तास घालवले, त्या दिवसाची मजुरी बुडाली का, सोबत आलेल्याचीही बुडाली का, याची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याही राजवटीला भासलेली नाही. ज्याची नोंद नाही त्याचा इतिहास लिहायचा तर भाषेकडे आणि सेवेच्या रचनेकडे पाहावे लागते. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे, भाषेचे शिक्षक आहोत. त्यामुळे भाषेपासूनच सुरुवात करतो.

मराठीत रोग्याने जाण्याच्या जागेला तीन नावे आहेत. 'इस्पितळ' पोर्तुगीजांकडून आले आणि कोकण-मुंबईकडे रुळले. 'रुग्णालय' ही स्वातंत्र्योत्तर शासनव्यवहाराची देणगी. ते पाटीवर असते, बोलण्यात नसते. तिसरे नाव 'दवाखाना'. अरबी 'दवा' आणि फारसी 'खाना' मिळून झालेला हा शब्द सगळ्या महाराष्ट्रात चालतो, पण मराठवाड्यात तो निजामी अंमलाबरोबर खोल रुजला. त्याचा अर्थही पाहण्यासारखा आहे. औषधाचे घर, म्हणजे औषध जिथे राहते ती जागा. औषध त्याच्या घरी राहील आणि रोग्याने तिथवर जावे, असा करारच त्या शब्दात आहे.

यापूर्वीच्या गावगाड्याकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. बारा बलुतेदारांच्या प्रचलित यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी आहेत, वैद्य नाही. अठरा अलुतेदारांच्या याद्या प्रांताप्रांतांत बदलतात, तरी त्यांतही त्याला पक्के स्थान नाही. गावाने धान्य देऊन ज्याला कायम आपला म्हणून ठेवावे अशा माणसांत वैद्य मोडत नव्हता. गळू फोडण्याचे काम न्हाव्याकडे होते, बाळंतपण सुईणीकडे, हाड बसवणारा एखादा जाणता पंचक्रोशीत असे. शास्त्र शिकलेला वैद्य कसब्यात, पेठेत किंवा एखाद्या सरदाराच्या आश्रयाला. दारात येऊन औषध विकणारा एकच होता, तो म्हणजे भटका वैदू. मुळ्या-जडीबुटी विकणाऱ्या आणि तुंबडी लावणाऱ्या या लोकांना गावाने कधी वेशीच्या आत मुक्कामाची जागा दिली नाही. ज्याच्यावर विश्वास होता तो दूर राहत होता, आणि जो दारी येत होता त्याच्यावर विश्वास नव्हता. ही जुनी अडचण पुढे वेगवेगळ्या रूपांत भेटत राहते.

'पूर्वी कसा फॅमिली डॉक्टर असे, आता ते राहिले नाही', हे वाक्य मराठी नियतकालिकांतून इतक्या वेळा छापले गेले आहे की ते सगळ्या महाराष्ट्राचे अनुभवकथन वाटू लागते. वस्तुतः हा गिरगाव-दादरचा, पुण्याच्या पेठांचा आणि फार तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकील-मास्तरांच्या आळीचा अनुभव आहे. चामडी बॅग घेऊन घरी येणारा, आजोबांच्या दम्यापासून नातवाच्या गोवरापर्यंत सगळे तोंडपाठ असणारा डॉक्टर मराठी नाटकांत वावरला, कारण ज्यांच्या दिवाणखान्यात ती नाटके घडत त्यांच्याकडे तो खरोखरच येत होता. सेनगाव किंवा औंढ्याच्या परिसरातल्या कुटुंबाने तो गमावला असे म्हणता येणार नाही. त्यांच्याकडे तो आलाच नव्हता.

आणि जिथे तो सर्वांपर्यंत पोचला, तिथे तो कौटुंबिक जिव्हाळ्यातून पोचला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये गरीब रोगी धर्मादाय रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत दिवस दिवस बसून राहत. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांची नावे विशिष्ट डॉक्टरांच्या यादीत घातली गेली, आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर प्रत्येक नागरिकाला आपला एक डॉक्टर मिळाला. फॅमिली डॉक्टर म्हणजे तिथे एक यादी होती. अमुक माणसांची जबाबदारी अमुक डॉक्टरवर, असे लिहून ठेवलेले. यादीतली नावे पडली की व्यवस्थाही गळते. कॅनडात सर्वांसाठी सरकारी विमा आहे, तरी २०२२ च्या एका मोठ्या पाहणीत पाचांपैकी एकाहून अधिक प्रौढांना स्वतःचा असा डॉक्टर नसल्याचे दिसले. ती माणसे आज ओळखपाळख नसलेल्या दवाखान्यांत तासन्‌तास बसतात. अशा बातम्या वाचल्यावर आमच्या भागातल्या कुणालाही आश्चर्य वाटू नये, फक्त तिथे त्याला 'संकट' म्हणतात.

हिंगोलीला आधुनिक वैद्यक आले ते छावणीबरोबर. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामी फौजेचे हिंगोली हे एक ठाणे होते. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन होईपर्यंत छावणी टिकली. लष्करी सर्जन हा छावणीच्या सरंजामाचा भाग होता. तो शिपायांसाठी होता. गावातल्या इतरांना त्याच्याकडून जे मिळे ते वाहत्या पाण्याच्या कडेला उगवणाऱ्या गवतासारखे. औषधाचे घर कुठे असावे हे ठरवताना रोगी कुठे आहेत हे पाहिले गेले नाही. फौज कुठे, तहसील कुठे, पुढे रेल्वे कुठे, हे पाहिले गेले. नकाशावर आज सरकारी रुग्णालये दाखवली तरी त्या जुन्या ठाण्यांची छाया त्यांत दिसते.

राजधानीचे चित्र मात्र निराळे होते. हैदराबादला १८४६ मध्येच वैद्यकीय शाळा निघाली आणि सुरुवातीची कित्येक वर्षे तिथे पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवले गेले. देशी भाषेतून वैद्यकाचे शिक्षण हा ज्यांना आजही अशक्य कोटीतला विचार वाटतो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. १८८० च्या दशकात माध्यम इंग्रजी झाले. १८८८ आणि १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी या सर्जनच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोग बसले. त्यासाठी निजामाच्या तिजोरीतून पैसा खर्च झाला आणि लंडनच्या वैद्यकवर्तुळात हैदराबादचे नाव गाजले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उर्दू पुन्हा वैद्यकीय शिक्षणाची भाषा बनली. हा सगळा अभिमानास्पद इतिहास आहे. पण उर्दूतून शिकलेला डॉक्टर मराठवाड्यातल्या तालुक्याला आला की त्याच्यासमोर 'जीव घाबरा होतोय', 'अंगात कसर आहे', 'पोटात कळ मारतीय', 'हातापायांना मुंग्या येत्यात' असे बोलणारी बाई उभी असे. मधे कंपाउंडर. दुखण्याची भाषा कंपाउंडरला कळे, औषधाची भाषा डॉक्टरला. आमच्या मते मराठवाड्यात 'कंपाउंडर' या पदाला जो भाव आला आणि पुढे कंपाउंडरच गावोगाव 'डॉक्टर' म्हणून जे बसले, त्याची मुळे या दुभाष्याच्या कामात शोधायला हवीत. औषधाच्या पुड्या बांधता बांधता तो रोग्यांची नावेही लक्षात ठेवीत होता.

तालुक्याच्या गावांत खऱ्या अर्थाने फॅमिली डॉक्टर होऊ शकला असता असा एक वर्ग ब्रिटिश मुलखात तयार झाला होता. पदवी नव्हे, तर पदविका घेतलेले लायसेन्शिएट डॉक्टर. जुन्या मराठी गावांतल्या पाट्यांवर दिसणारी 'एल.सी.पी.एस.' ही अक्षरे याच वर्गाची. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेल्या सुमारे ४७,५०० डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० या वर्गातले होते. समितीने बहुमताने ठरवले की यापुढे एकाच दर्जाचा, विद्यापीठाची पदवी घेतलेला डॉक्टर हवा आणि पदविकेच्या शाळा बंद व्हाव्यात. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, हा प्रश्न न्याय्यच होता. पण दुय्यम डॉक्टर बंद झाला आणि अव्वल डॉक्टर खेड्यात आला नाही. रिकामी राहिलेली ती जागा कुणी ना कुणी भरणारच होते.

भोर समितीचीच दुसरी शिफारस प्राथमिक आरोग्य केंद्राची. ४०,००० लोकसंख्येला दोन डॉक्टर आणि त्यांच्यासोबत परिचारिका-सुईणींचा ताफा, अशी तिची सुरुवातीच्या टप्प्याची कल्पना होती. ही केंद्रे १९५२ पासून समूह विकास योजनेतून उभी राहू लागली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी अंमलातून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या आणि आरोग्य केंद्रे त्यांच्या ताब्यात गेली. हिंगोलीचा कारभार तेव्हा परभणीहून चाले. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावे लागले. त्यामुळे 'जिल्ह्याचा दवाखाना' या शब्दांचा अर्थ आमच्या वडीलधाऱ्यांसाठी परभणी असा होता, त्याहून मोठे दुखणे नांदेडला किंवा तेव्हाच्या औरंगाबादला. जवळचे मिशनचे म्हणावे तर जालन्याचे. दुखणे जितके मोठे तितके गाव दूर, आणि तिथला डॉक्टर तितकाच अनोळखी.

आतापर्यंतच्या हकिकतीवरून शासन गावात फिरकलेच नाही असा समज होईल, आणि तो चुकीचा ठरेल. शासन येत होते, अगदी उंबरठ्यापर्यंत येत होते. देवीची लस टोचणारा माणूस गावोगाव फिरे. लोक त्याला 'देवी डॉक्टर' म्हणत. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर दर पंधरा दिवसांनी कर्मचारी घरी येई, ताप आहे का विचारी, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई, गोळ्या देई आणि भिंतीवर काढलेल्या चौकटीत तारीख टाकून जाई. मातीच्या भिंतींवरच्या त्या गेरूच्या चौकटी पाहिलेली पिढी अजून आहे. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. घरोघर फिरण्याचे ते यश होते. त्याच सुमारास आणीबाणीत कुटुंबनियोजनाची मंडळीही घरोघर आली. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुढे १९९५ पासून पल्स पोलिओ.

या सगळ्याकडे एकत्र पाहिले की आमच्या मते या इतिहासाचे मर्म हाती लागते. शासनाला ज्या रोगाची काळजी होती त्यासाठी शासन माणसाच्या दारी आले. माणसाला ज्या रोगाची काळजी होती त्यासाठी मात्र माणसानेच शासनाच्या दारी जायचे. देवी डॉक्टरला गुडघेदुखी दाखवता येत नव्हती. हिवतापवाल्याने रक्ताचा थेंब नेला तरी पोराच्या खोकल्याचे काय, हे त्याच्या कागदावर नव्हते. घरी येण्याची यंत्रणा होती, माणसे होती, दर पंधरा दिवसांचा नेम होता, भिंतीवर नोंद होती. तीत नव्हते ते एवढेच की रोग्याच्या तक्रारीपासून सुरुवात करावी. शासनाची सेवा गावकऱ्यांना मिळाली नाही असे म्हणण्यापेक्षा, तिचा विषय ठरवण्याचा अधिकार त्यांना मिळाला नाही, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

रोग्याने स्वतःच्या दुखण्यासाठी जायचे ते आरोग्य केंद्रात. बाह्यरुग्ण विभागाला लोक 'ओपीडी' म्हणतात. ती सकाळी ठराविक तास आणि दुपारनंतर थोडा वेळ चालते. गर्दी होते ती सकाळी. खेड्यातून तालुक्याला येणारी पहिली एसटी, म्हणजे रात्री गावात मुक्कामी असलेली गाडी, सगळ्यांना एकदमच आणून सोडते. परतीची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नसते. आठवडी बाजाराच्या दिवशी ही गर्दी दुप्पट वाटते, कारण दुखणे बाजाराच्या दिवसापर्यंत लांबवलेले असते. एका फेरीत मिरची-मीठ आणि औषध दोन्ही. वसमतकडे हळद शिजवण्याच्या दिवसांत आणि कापूस वेचणीला दवाखाना तुलनेने ओस, कारण तेव्हा मजुरी हाताशी असते आणि ती कुणाला सोडवत नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तर सहा-सहा महिने या नकाशाच्या बाहेरच असतात. ताटकळण्याचे वेळापत्रक असे एसटी, बाजार आणि पीक ही तिन्ही मिळून ठरवतात.

रांगेच्या आत काय घडते याचा अभ्यास झालेला आहे, अर्थात इथला नव्हे. नॉर्मन बेली या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. डॉक्टरला क्षणभरही रिकामे बसावे लागू नये अशी वेळांची आखणी केली जाते आणि त्याची किंमत रोगी आपल्या तासांनी मोजतात, असे त्याला दिसले. सुरुवातीला दोन रोगी बोलवावेत आणि पुढे एकेकाला तपासायला सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने बाकीचे, असा त्याचा साधा तोडगा होता. रांग केवळ डॉक्टर कमी म्हणून लागत नाही, कुणाचा वेळ मोलाचा धरला यावरही ती ठरते, हे त्याने गणिताने दाखवले. आमच्याकडे हा हिशेब मांडायचा झाला तर पहिली अडचण ही की, रोजंदारीवरच्या बाईचा दिवस किती रुपयांचा हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी तो कोणत्याच रकान्यात लिहिलेला नाही. सरकारी दवाखाना 'फुकट' आहे असे आपण म्हणतो ते तिचा दिवस शून्य धरून.

मग माणसे काय करतात? ती आपापले पर्याय शोधतात आणि ते सगळेच मूर्खपणाचे नसतात. पहिला पर्याय मेडिकल दुकानाचा. 'मेडिकलवाल्याला विचारून' गोळी घेणे. दुसरा, मोटारसायकलवर बॅग अडकवून फिरणारा, पदवीचा पत्ता नसलेला इसम. अशांपैकी काहींना लोक 'बंगाली डॉक्टर' म्हणतात, बातम्यांत त्यांना 'बोगस डॉक्टर' म्हणतात. तो सुई देतो, सलाईन लावतो, नको ती औषधे नको तितकी देतो, आणि त्याने माणसे दगावतातही. त्याची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. पण तो संध्याकाळी, काम संपल्यावर, घरी येतो, उधार ठेवतो, 'मागच्या खेपेला दिलेल्या गोळीनं फरक पडला का' असे विचारतो. जुन्या वैदूची आणि कंपाउंडरची जागा त्याने घेतली आहे. लोक त्याच्याकडे अज्ञानातून जातात असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते त्याच्याकडे मजुरी न बुडवता जातात, हेही म्हणायला हवे. तिसरा पर्याय आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांचा. आज मराठवाड्यातल्या मोठ्या गावांतून फॅमिली डॉक्टरच्या जवळपास जाणारा कुणी असेल तर तो हाच. तो ॲलोपॅथीची औषधे देतो म्हणून शहरी डॉक्टरांच्या संघटना त्याच्यावर टीका करतात. होमिओपॅथांना एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून तशी मुभा देणारा बदल राज्याने २०१४ मध्ये केला, तेव्हापासून तो वाद न्यायालयात आणि रस्त्यावर चालूच आहे. वादात दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. लायसेन्शिएट डॉक्टरांच्या शाळा बंद करण्याचा निर्णय त्या वादात फारसा कुणाला आठवत नाही, एवढेच नोंदवतो.

महाराष्ट्रातच या प्रश्नाला दिलेले एक वेगळे उत्तरही आहे. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, बहुधा निरक्षर आणि दलित असलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. औषधाचे घर गावाकडे सरकवण्याऐवजी, गावात राहणाऱ्या बाईकडे ज्ञान द्यावे ही कल्पना. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत हीच दिशा धरली. गावातल्या प्रशिक्षित स्त्रीने घरीच नवजात बाळाची काळजी घेतली, अगदी जंतुसंसर्गावर इंजेक्शनही दिले, तर नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटू शकतात, हे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. इथे दारी येणारी आणि विश्वासाची, अशी दोन्ही माणसे प्रथमच एक झाली. गावगाड्यात वैद्याला नसलेली जागा एका बाईला मिळाली, तीही गावाने जिला सहसा जागा दिली नसती अशा बाईला.

या अनुभवाच्या पायावर २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली. कागदावर ती जामखेड-गडचिरोलीची मुलगी आहे. प्रत्यक्षात तिच्या हाती जी कामांची यादी पडली, ती पुन्हा शासनाच्या विषयांची: बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, लसीकरण, नवजाताच्या ठरलेल्या दिवशी ठरलेल्या भेटी, क्षयाच्या गोळ्या, आणि अनेकानेक सर्वेक्षणे. मोबदला कामागणिक. यांतले एकही काम अनावश्यक नाही, आणि तिच्यामुळे वाचलेल्या बाळांची संख्या लहान नाही. पण शेजारच्या म्हातारीचा रक्तदाब आज का चढला याकडे बसून पाहण्याचा रकाना त्या यादीत जेमतेमच. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा मानधनासाठी संपावर गेल्या. दवाखान्यात गेले की आम्हांला त्या दिसतात त्या व्हरांड्यात, आपल्या गावच्या गरोदर बाईशेजारी, तिच्याबरोबर ताटकळत. जिच्यामुळे रोग्याची फेरी वाचावी म्हणून योजना केली, तिलाच त्या फेरीची सोबतीण व्हावे लागले आहे.

अलीकडच्या बदलांकडे थोडक्यात पाहू. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, आणि तातडीच्या दुखण्यात तिचा उपयोग निर्विवाद आहे. २०२० च्या टाळेबंदीत 'ई-संजीवनी'वरून घरबसल्या डॉक्टरशी बोलण्याची सोय झाली, आणि उपकेंद्रांतही समुदाय आरोग्य अधिकारी पडद्यावर दूरच्या डॉक्टरची गाठ घालून देऊ लागले. प्रवास वाचला, हे मोठेच. मात्र पडद्यावरचा डॉक्टर दर वेळी नवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे पैसेही घेतले जात नाहीत. मोठ्या रुग्णालयांतून मोबाइलवर चौकोनी चिन्ह टिपून नंबर लावता येतो. ज्याच्याकडे तसा मोबाइल नाही तो पूर्वीच्याच खिडकीसमोर. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोली होते. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्या असलेल्या आणि तोवर नांदेड-अकोल्याच्या वाटा तुडवणाऱ्या जिल्ह्याला याचे मोल सांगायला नको. वैद्यकीय महाविद्यालय विशेषज्ञ आणते, शिकाऊ डॉक्टर आणते, व्हरांडा लांब करते. मात्र जिल्ह्यातल्या अमुक घरांची जबाबदारी अमुक डॉक्टरवर, अशी यादी करणे हे त्याचे काम नव्हे, आणि ते अजून दुसऱ्या कुणाचेही झालेले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक वेगळा प्रश्न आहे. मराठीत डॉक्टरांची आत्मकथने हा समृद्ध प्रकार आहे. डॉ. रवी बापट यांचे 'वॉर्ड नंबर पाच, केईएम', डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग', आणि आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या व्यवसायाविषयीचे डॉ. अरुण गद्रे यांचे 'किनवटचे दिवस' ही चटकन आठवणारी नावे. यांत प्रामाणिकपणा आहे, आत्मपरीक्षण आहे. पण ही सारी टेबलाच्या एकाच बाजूने लिहिलेली पुस्तके आहेत. बंगांनी स्वतः रोगी होऊन लिहिले, तरी तो रोगी डॉक्टरच होता. दलित आत्मकथनांनी मराठीला गावाची, शाळेची, पाणवठ्याची दुसरी बाजू दाखवली. दवाखान्याच्या व्हरांड्याची दुसरी बाजू तितक्या सलगपणे कुणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. कदाचित हे दुःख फार संथ आहे. त्यात प्रसंग नाही, संघर्ष नाही, खलपुरुषही नाही. असतो तो चाळीसेक रोगी अजून तपासायचे असलेला, स्वतःच दमलेला एक वैद्यकीय अधिकारी. कथेला लागते ती ठिणगी त्यात पडत नाही, आणि ललित लेखनाची आपली घडण अशी की ठिणगी नसलेले दुःख आपण लेखांकासाठी ठेवतो.

या वर्षी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना आम्ही एक छोटे काम दिले. आपापल्या घरी खुंटीला अडकवलेली दवाखान्याची पिशवी उघडून, नावे झाकून, आतले कागद तारखेप्रमाणे लावायचे. जवळजवळ प्रत्येक घरी अशी पिशवी निघाली. प्लास्टिकची, बहुधा कापडाच्या नाहीतर बियाण्याच्या दुकानाची. तीत पिवळे पडलेले केसपेपर, एक्स-रे, रिकाम्या गोळ्यांची पाकिटे, दुमडलेली लसीकरणाची कार्डे. प्रत्येक डॉक्टरने नव्या कागदावर नव्याने सुरुवात केलेली. जुन्या कागदाचा उल्लेख क्वचित. वयाच्या रकान्यात एकाच बाईचे वय तीन वर्षांत चाळीस, पंचेचाळीस आणि पुन्हा चाळीस. गावाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले. तक्रारीच्या ओळीत इंग्रजी आद्याक्षरे, तिने सांगितलेले मराठी वाक्य एकाही कागदावर नाही. शिक्का तारखेचा आहे, वेळेचा नाही. एका विद्यार्थिनीने मात्र आपल्या आजीला प्रत्येक कागद दाखवून विचारले आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहून आणले: पहिल्या गाडीने गेलो, नंबर अमका, डॉक्टर दुपारी आले, शेवटच्या गाडीने परत, सोबत थोरला, त्याचा खाडा. असे एकोणीस कागद झाले आहेत. आजीला बाकीच्यांचे आठवत नव्हते, म्हणून ती आता शेजारणीला विचारते आहे, कारण बहुतेक वेळा दोघी एकाच गाडीने गेल्या होत्या.